पाच दिवसांत उलटवलेली रात्र

तीस वर्षं उंदरांचे मेंदू कापून आमच्या वहिनींच्या जिभेला धार आली, की जिभेचीच धार पात्याला लागली, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, या बाबतीत मत द्यायला तयार नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि मत देण्याची सवय दादानं पहिल्या वर्षीच सोडली.

वहिनी एका संशोधन संस्थेत कामाला होत्या. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक होतं आणि त्यात 'तांत्रिक' आणि 'सहायक' असे दोन्ही शब्द होते. ज्याच्या पदात हे दोन शब्द येतात त्याला काम येतं, असं बिनदिक्कत समजावं. ज्यांच्या पदात ते येत नाहीत त्यांच्याविषयी पुढे सांगतोच आहे.

काम असं. शेंगदाण्याएवढा गोठवलेला मेंदू. फ्रीजच्या बर्फकप्प्यापेक्षाही थंड अशा एका पेटीत एक पातं बसवलेलं, आणि त्या पात्यानं मेंदूचे काप काढायचे. एकेक काप केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. श्वास जोरात सोडला तर काप उडतो, हात गरम असला तर वितळतो. रंगाऱ्याकडे असतो तसल्या, पण डोळ्यातलं कुसळ काढावं इतक्या बारीक ब्रशनं तो उचलून काचेच्या पट्टीवर ठेवायचा. आणि हे सगळं कशासाठी, तर दोन ठिपक्यांसाठी. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या डोक्यावर हे दोन ठिपके बसलेले असतात. बारीक मिठाच्या कणाएवढे. तीस काप चुकले की ठिपके निघून गेले. मग तो उंदीर फुकट मेला.

या ठिपक्यांत म्हणे शरीराचं घड्याळ असतं. मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, त्यात काटे कुठे असतात?"

"भाऊजी, काटे तुमच्या प्रश्नात असतात," त्या म्हणाल्या. पण मग भाजी निवडता निवडता त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं सांगितलं की त्यांच्या संस्थेतल्या कुठल्याही मोठ्या माणसाला ते जमलं नसतं. म्हणाल्या, "त्या पेशींत एक जीन असतो. सकाळ झाली की तो मागणीच्या चिठ्ठ्या लिहायला लागतो. दुपारपर्यंत चिठ्ठ्यांचा ढीग. चिठ्ठ्यांवरून माल तयार होतो. माल घरभर साठला की तोच माल उलटा येऊन त्या जीनला सांगतो, पुरे आता, बंद कर. रात्री जीन गप्प. मग माल हळूहळू मोडून संपतो, आणि सकाळी हा शहाणा पुन्हा चिठ्ठ्या लिहायला बसतो. एवढ्या फेरीला एक दिवस लागतो."

"म्हणजे स्वतःच मागवायचं आणि घर भरलं की स्वतःच ओरडायचं."

"तुमच्या भावाचं ठिपक्यातलं चित्र समजा," वहिनी म्हणाल्या. दादा पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

वहिनी त्या चिठ्ठ्या मोजायच्या. म्हणजे कापांवर असं काही लावायचं की जिथे चिठ्ठ्या जास्त तिथे फिल्मवर काळं उमटतं. दुपारचा उंदीर असेल तर दोन्ही ठिपके काळे कुळकुळीत. मध्यरात्रीचा असेल तर फिक्के. उंदीर रात्री पळतो आणि दिवसा झोपतो, तरी हा जीन दिवसाच जागा असतो. वहिनींनी अशा फिल्म इतक्या पाहिल्या होत्या की नुसत्या उजेडाकडे धरून त्या उंदीर किती वाजता मेला ते सांगायच्या. अर्ध्या तासाचा फरक पडला तर पडला.

आता प्रोफेसर. हे गृहस्थ या संस्थेत विद्यार्थी म्हणून आले तेव्हा त्यांना काप काढायला शिकवायचं काम वहिनींकडे आलं. पहिल्या आठवड्याचे काप पाहून वहिनींनी विचारलं होतं, "हे तू कापलंस की चावलंस?" पुढे त्यांना काप जमले नाहीत, पण बाकी सगळं जमलं. बढत्या जमल्या, परदेशवाऱ्या जमल्या, खोलीत कोच जमला. कोणाला किती वाजता फोन करायचा आणि कोणाच्या बोलण्यावर किती वेळ मान डोलवायची, याचं त्यांच्या डोक्यातलं घड्याळ कधी एक मिनिटही मागे पडलं नाही. सगळे त्यांना सर म्हणत आणि वहिनींना बाई. वहिनी चारचौघांत त्यांना काहीच म्हणत नसत, आणि एकांतात पूर्वीसारखं अरे-तुरे करत. प्रोफेसर ते खपवून घेत, कारण कापणारा हात दुसरा नव्हता.

त्या खोलीतून एकेचाळीस लेख छापून गेले. प्रत्येकात वहिनींचे काप, आणि एकाही लेखावर वहिनींचं नाव नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभाराची ओळ असे, त्यात त्या असत आणि फ्रीज दुरुस्त करणारा असे. एका लेखावर प्रोफेसरांचा मेव्हणा लेखक म्हणून होता. त्यानं कॉम्प्युटर बसवून दिला होता म्हणे. कॉम्प्युटर बसवणं म्हणजे संशोधन आणि मेंदू कापणं म्हणजे मदत, हा न्याय त्या इमारतीत कोणाला खटकला नाही.

वहिनी याबद्दल कधी बोलल्या नाहीत. ज्या बाईला बाजारातल्या वजनकाट्यापासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळ्यावर बोलायचं असतं, ती ज्या एका गोष्टीवर बोलत नाही तीच तिला लागलेली असते, एवढं कळायला माणूस शास्त्रज्ञ असावा लागत नाही. एकदा नवा लेख घरी आला होता. पहिल्या पानावरच्या नावांवरून त्या बोट फिरवत होत्या. शेवटच्या नावानंतर जी कोरी जागा असते तिथे बोट जरा जास्त वेळ थांबलं. मी दारातून परत फिरलो. चेष्टेलाही जागा लागते.

निवृत्तीला पाच महिने राहिले तेव्हा ही भानगड झाली.

दिवसभराचा चढउतार मोजायचा तर दर चार तासांनी उंदीर घ्यायला हवेत, म्हणजे मध्यरात्रीचेही हवेत. पूर्वी वहिनी आणि मंडळी रात्र जागत. मग कचेरीनं जादा कामाचे पैसे बंद केले. यावर संस्थेनं जी तोड काढली ती ऐकून मी पोट धरून हसलो होतो, पण ती खरोखर चालते. माणसं रात्री येणार नाहीत ना, मग रात्रच दहा ते पाचमध्ये आणायची. सहा बंद कपाटं, प्रत्येकात दिवे आणि दिव्यांना वेळ लावायचं यंत्र. एका कपाटात बाहेरच्यासारखीच सकाळ, दुसऱ्यात संध्याकाळ, तिसऱ्यात भर दुपारी बारा वाजता मध्यरात्र. उंदरांनी आपापल्या कपाटाच्या वेळेनं जगायचं, आणि साहेबांनी जेवणाच्या सुट्टीआधी सहाही वेळा गोळा करून पाच वाजता घरी जायचं. सरकारी वेळेत बसणारी रात्र जगात दुसरीकडे कुठे नसेल.

फक्त एक अट. उंदराची रात्र उलटवली की त्याला ती अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. कमीत कमी चौदा दिवस. ही अट भिंतीवर लावलेली होती, प्रोफेसरांच्याच सहीची.

त्या वर्षी परदेशात मोठी परिषद होती आणि तिथे बोलायचं तर आधी काही तरी सापडलेलं असावं लागतं. तारीख जवळ आली, सापडलेलं काही नव्हतं. प्रोफेसरांनी घाईनं उंदीर मागवले, वहिनींनी कापले, आणि फिल्म धुऊन आली तेव्हा मध्यरात्रीच्या उंदरांत एक चमत्कार दिसला. ठिपक्याचा खालचा अर्धा भाग फिक्का, जसा असायला हवा तसा. वरचा अर्धा काळाभोर.

प्रोफेसर खुर्चीतून उठलेच. हा जीन मध्यरात्री दुसऱ्यांदा जागा होतो, तोही फक्त वरच्या भागात. घड्याळाच्या आत आणखी एक घड्याळ. त्यांनी त्याला नावही ठेवून टाकलं. आठवड्यात लेख लिहून झाला, सर्वांत मोठ्या मासिकाकडे गेला, आणि शिंप्याकडे कोट शिवायला पडला. सभागृहात सगळ्यांसमोर प्रोफेसर म्हणाले, "या वेळी बाईंचं नाव लेखावर असेल. तिसरं."

टाळ्या झाल्या. वहिनी घरी आल्या त्या चप्पल घालूनच स्वयंपाकघरात गेल्या. असं कधी होत नाही.

"काय वहिनी, आता आम्ही अपॉइंटमेंट घेऊन यायचं का?" मी म्हणालो.

"भाऊजी, थोडं गप्प बसा."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला तर हे लग्नापासून पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी उंदीरमामाकडे गेल्या. उंदीरमामा म्हणजे उंदीर सांभाळणारा. त्याचं खरं नाव पगारपत्रकात असेल. तो तळमजल्यावर बसतो, दिवसभर खातो, आणि इमारतीतली एकही गोष्ट त्याच्यापासून लपत नाही. पुढचं सगळं मला निम्मं वहिनींकडून आणि निम्मं त्याच्याकडून कळलं. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे मी वहिनींचं धरलंय, कारण भीती त्यांची जास्त.

"कपाटं कधी फिरवलीस?" वहिनींनी विचारलं.

"शुक्रवारी."

"आणि उंदीर वर कधी पाठवलेस?"

"बुधवारी."

"पुढच्या महिन्याच्या बुधवारी?"

"नाही हो. शुक्रवारनंतर जो बुधवार येतो तोच. सर म्हणाले पाठव, मी पाठवले. उंदरांना कोणी विचारलं नाही."

"पळत कधी होते ते?"

उंदीरमामानं तोंडातला घास संपवला. "तीच तर गंमत, बाई. दिवे लागलेले आणि हे पिंजऱ्यातल्या चाकावर पळताहेत. दिवे गेले की कोपऱ्यात गोळा होऊन झोपलेले. मला वाटलं, मोठ्यांच्या घरचे उंदीर आहेत."

वहिनींना हवं होतं ते मिळालं. किंवा नको होतं ते. कपाटातली मध्यरात्र म्हणजे रस्त्यावरची दुपार. डोळ्यांच्या नसा ठिपक्याच्या खालच्या भागात येऊन पोचतात, म्हणून उजेडाची बातमी आधी खाली लागते. खालचा भाग पाच दिवसांत नव्या वेळेला लागला होता. वरचा भाग अजून जुन्याच वेळेनं चालला होता, आणि त्याच्या मते भर दुपार होती, म्हणून तो इमानानं चिठ्ठ्या लिहीत बसला होता. दुसरं घड्याळ वगैरे काही नाही. उंदराला धड झोपू दिलं नव्हतं, एवढाच शोध.

त्या संध्याकाळी त्यांनी हे आम्हा दोघांना सांगितलं. दादानं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर प्रथमच मत दिलं. "नाव येतंय तर येऊ दे की. चूक काय तू केलीस?"

मीही भर घातली. "वहिनी, तुम्ही काप बरोबर कापले. उंदीर दमलेला होता हा उंदराचा दोष."

त्यांनी आमच्याकडे अशी नजर टाकली की दादानं चष्मा काढून पुसायला घेतला. "खोट्यावरच नाव घालायचं होतं तर तीस वर्षं त्या पेटीत हात कशाला गारठवले? घरी बसून नाव घातलं असतं." मग दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "तिसरं म्हणाला तो. मला शेवटचं चाललं असतं."

दादा पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागला.

दोन दिवसांनी त्या प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं. उंदीरमामा तेव्हाच नेमका बाहेर रिकामे पिंजरे रचत होता. तो असे पिंजरे सोयीनुसार रचतो.

"पाच दिवस दिलेस तू," वहिनी म्हणाल्या. "भिंतीवर तुझ्याच सहीनं चौदा लिहिलंय."

"बाई, ते जुन्या पद्धतीचं आहे. नवीन माहितीनुसार उंदीर नव्या वेळेला लवकर लागतात."

"ठिपक्याचा खालचा भाग लागतो. वरचा लागत नाही. फिल्मवर तेच दिसतंय, आणि तू त्याला घड्याळ म्हणतोयस."

"हे बघा, कापणं तुमचं काम. अर्थ लावणं माझं."

"लावलास तो दिसला."

प्रोफेसर मग मऊ झाले. कोचावर बसा म्हणाले. वहिनी बसल्या नाहीत. "लेखावर तुमचं नाव आहे, बाई. तिसरं. तीस वर्षांत पहिल्यांदा. हे विसरू नका."

"विसरता येत नाही म्हणून तर आले. माझं नाव काढ."

"काय?"

"नाव काढ. आणि आभारातूनही काढ. फ्रीजवाल्याला राहू दे, त्याचं काम बरोबर होतं."

ज्या नावासाठी तीस वर्षं कोरी जागा पाहिली, ते नाव आलं आणि बाई काढून घे म्हणते, हे प्रोफेसरांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी सोयीचा अर्थ लावला. निवृत्ती जवळ आली की बायकांचं असं होतं, असं त्यांनी दोघातिघांना सांगितलं. कोट शिवून आला. अंगाला छान बसला, असं ऐकलं.

मग मासिकाचं उत्तर आलं. शोध विलक्षण आहे, म्हणूनच छापण्याआधी नव्या उंदरांवर पुन्हा करून दाखवा. मुदत सहा आठवडे.

प्रोफेसर वहिनींकडे गेले नाहीत. स्वतः पेटीसमोर जाऊन बसले. वीस वर्षांनी. आठ मेंदू घेतले आणि आठांतल्या एकातही त्यांना ठिपके मिळाले नाहीत. पात्यावर नुसता चुरा. उंदीरमामा म्हणतो, सरांच्या भुवईवर बर्फ जमला होता आणि ते पात्याशी इंग्रजीत बोलत होते. नवव्या मेंदूच्या वेळी त्यांनी निरोप पाठवला, बाईंना बोलवा.

वहिनी आल्या. हातमोजे घातले नाहीत.

"बाई, तेवढं कापून द्या."

"देते. चौदा दिवसांनी."

"सहाच आठवडे आहेत."

"सहा आठवड्यांत चौदा दिवस तीनदा मावतात. एवढं गणित जमायला हरकत नाही. आणि उंदीर चाकावर कधी पळतात ते रोज मी स्वतः पाहणार. अंधारात पळायला लागले की मग पातं."

"आणि मध्यरात्रीचं ते काळं नाही आलं तर?"

"तर ते नव्हतंच."

प्रोफेसर म्हणाले, "तुमचं नाव..." आणि थांबले. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते आधीच परत आलं होतं. शेवटी हो म्हणाले.

चौदा दिवस वहिनी रोज पहाटे, कपाटातले दिवे जायच्या आधी, तळमजल्यावर जात. उंदीरमामानं कपाटाच्या दाराला बारीक भोक पाडून लाल काचेचा तुकडा बसवून दिला होता, कारण लाल उजेड उंदराला जाणवत नाही, आणि त्या त्यातून पाहत. पहिले दिवस उंदीर उजेडातच पळाले. नवव्या दिवशी दोघं-तिघं गडबडले. बाराव्या दिवशी दिवे जाताच सगळी चाकं एकदम फिरायला लागली. त्या आवाजाची त्यांनी घरी नक्कल करून दाखवली. दादानं विचारलं, "मग आता?" त्या म्हणाल्या, "आता तो लेख जाईल, आणि माझ्या नावाची जागाही." आणि ताटं घ्यायला उठल्या. दादानं त्या दिवशी न सांगता भांडी घासली. कपबशीचा एक कान गेला, तर वहिनींनी ती तशीच फळीवर ठेवली.

काप त्यांनी दोन दिवसांत काढले. फिल्म धुऊन आली तेव्हा त्या एकट्याच होत्या. दुपारचे ठिपके वरपासून खालपर्यंत काळे. मध्यरात्रीचे खालपासून वरपर्यंत फिक्के. तीस वर्षं जसं दिसत होतं तसंच. उंदीरमामा पिंजरे घेऊन गेला तेव्हा त्या खिडकीशी फिल्म धरून उभ्या होत्या, आणि तो परत आला तेव्हाही उभ्याच होत्या. एरवी त्यांना एक नजर पुरते.

"बरोबर आलं ना, बाई?" त्यानं विचारलं.

"बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "डोळ्यात गेलंय काही तरी. तुझ्या उंदरांचा भुसा असणार."

प्रोफेसरांनी तीन दिवस फिल्म उलटसुलट पाहिल्या, एकदा तर भिंगानं. भिंगानंही फिक्कं फिक्कंच दिसलं. परिषदेला त्यांच्या ऐवजी कोणी दुसराच गेला. नेहमीसारखीच दुपार आणि नेहमीसारखीच रात्र छापायला कोणालाच रस नसतो, तेव्हा लहान मासिकाकडे पाठवावं असंही त्यांना वाटलं नाही. सगळं फायलींच्या कपाटात गेलं.

निवृत्तीच्या दोन दिवस आधी त्यांनी वहिनींना खोलीत बोलावलं. दार उघडंच, पिंजरे बाहेर रचलेलेच.

"लेख मागे घेतला, बाई," प्रोफेसर म्हणाले. चेहऱ्यावर असा भाव की नुकसान वहिनींचं झालं आणि ते मोठ्या मनानं कळवताहेत. "आता नवीन काही लिहिणार नाही यावर. मला तुमचं नाव घालायचं होतं हो. पण आता घालू तरी कुठे?"

"नको घालू," वहिनी म्हणाल्या. "तुझं काढलंस, तेवढं पुष्कळ झालं."